नीट पुन्हा द्यावी की मिळणारी जागा घ्यावी? सांगली-साताऱ्याच्या विद्यार्थ्यांसाठी तुलना

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यानंतरच्या पंधरवड्यात सांगली-मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातल्या असंख्य घरांत एकच विषय असतो. मुलाला किंवा मुलीला एमबीबीएसच्या सरकारी जागेसाठी थोडे गुण कमी पडलेले असतात, आणि एक वर्ष थांबून परीक्षा पुन्हा द्यायची, की बीएएमएस (आयुर्वेद), बीडीएस (दंतवैद्यक), फिजिओथेरपी किंवा खासगी एमबीबीएस यांपैकी जे मिळेल ते घ्यायचे, हे थोड्या दिवसांत ठरवायचे असते. मी सांगलीत बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि दर जूनमध्ये या प्रश्नावर पालकांशी तासन्‌तास बोलतो. या बोलण्यात गुणांविषयी जे गैरसमज वारंवार पुढे येतात, त्यांच्यामुळे निर्णय चुकतात, म्हणून दोन्ही बाजू समोरासमोर मांडत आहे.

आधी नियम पाहू. भारतातल्या प्रवेशासाठी नीटचे गुण फक्त त्या वर्षापुरते धरले जातात. पुन्हा परीक्षा दिली की जुन्या गुणांचा हिशेब संपतो. त्यांची सरासरी काढली जात नाही, दोहोंतले चांगले गुण निवडण्याची मुभाही नसते. किती वेळा परीक्षा द्यावी याला मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही उरलेली नाही; प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असणे एवढे पुरते. अनेक पालक विचारतात की, मुलाने दोनदा परीक्षा दिली हे कॉलेजला कळले तर वाईट दिसणार नाही का. हा प्रश्न बहुधा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेला असतो. तिथल्या एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत वर्षात तीन, दोन वर्षांत चार आणि आयुष्यात सात वेळा बसता येते, आणि कॉलेजांना सगळ्या प्रयत्नांचे गुण दिसतात. आपल्याकडे यातले काहीच नाही. इथे मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, बारावीचे गुणही गुणवत्ता यादीत मोजले जात नाहीत; भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के ही फक्त पात्रतेची अट आहे. त्यामुळे पुन्हा परीक्षा दिल्याने जुना निकाल आड येत नाही, तसाच पुढच्या वर्षी गुण घसरले तर तो वाचवायलाही येत नाही. या वाक्याच्या पहिल्या भागाने पालक निर्धास्त होतात आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते, असा माझा अनुभव आहे.

यापुढचा मुद्दा गुण आणि क्रमांक यांतल्या फरकाचा आहे. "गेल्या वर्षी अमुक गुणांना मिरजेला नंबर लागला होता, मग आणखी चाळीस मिळवले की झाले" हा हिशेब मी दर वर्षी ऐकतो. २०२४ आणि २०२५ हे लागोपाठचे दोन निकाल शेजारी ठेवले तरी तो कोसळतो. २०२४ च्या अंतिम निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे १७ विद्यार्थी होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. खुल्या वर्गाची पात्रतेची खालची रेषा २०२४ मध्ये १६२ वर होती, ती २०२५ मध्ये १४४ वर आली. २०२४ मध्ये ६५० गुण मिळवूनही हजारोंच्या मागे राहिलेला विद्यार्थी तेवढ्याच गुणांवर २०२५ मध्ये पहिल्या शंभरांच्या आसपास पोचला असता, कारण भौतिकशास्त्राच्या कठीण प्रश्नांनी सगळ्यांचेच गुण खाली ओढले. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले. पुन्हा परीक्षा देणाऱ्याची स्पर्धा त्या गर्दीशी असते, स्वतःच्या जुन्या गुणांशी ती नसतेच. म्हणून "किती गुण वाढतील" यापेक्षा "माझ्या प्रवर्गात राज्याच्या यादीत माझ्या पुढे किती जण आहेत आणि शेवटची जागा कितव्या क्रमांकाला भरली" हे विचारावे. राज्यातले प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलने गेल्या दोन-तीन वर्षांच्या फेऱ्यांच्या याद्या जाहीर केलेल्या असतात. त्यांतून आपल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक शोधायला एक दुपार लागते, आणि ती दुपार कुठल्याही समुपदेशकाच्या शुल्कापेक्षा मोलाची ठरते.

जागांचे गणितही नीट समजून घ्यावे. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात एमसीसी या केंद्रीय समुपदेशन समितीमार्फत भरल्या जातात आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यात सीईटी सेलमार्फत. मिरज, सातारा आणि कोल्हापूर ही आपल्याला जवळची सरकारी कॉलेजे असली, तरी ७० टक्के जागा त्याच विभागातल्या विद्यार्थ्यांना देणारे ७०:३० चे विभागीय सूत्र २०२० मध्ये रद्द झाल्यापासून राज्याची यादी एकच आहे; आपला विद्यार्थी लातूर-नांदेडलाही जाऊ शकतो आणि तिकडचा मिरजेला येऊ शकतो. कराडचे कृष्णा आणि सांगलीचे भारती विद्यापीठ यांची वैद्यकीय महाविद्यालये मात्र अभिमत (डीम्ड) विद्यापीठांत मोडतात. त्यांचे प्रवेश एमसीसीतून होतात, आणि मलकापूरच्या मुलाला कृष्णाच्या दारात राहत असल्याचा काडीचाही फायदा मिळत नाही.

आता मुख्य तुलनेकडे वळू. वर्ष थांबणे कोणासाठी योग्य, हे मी एकूण गुणांवरून सांगत नाही. ओएमआरची (गोळे रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि उत्तरतालिका घेऊन बसायला सांगतो आणि बरोबर, चूक व सोडलेले असे तीन आकडे कागदावर लिहायला लावतो. समजा, एका मुलीचे १८० पैकी १२५ प्रश्न बरोबर, ४० चूक आणि १५ सोडलेले आहेत. प्रत्येकी चारप्रमाणे बरोबरचे ५०० आणि प्रत्येकी एकप्रमाणे चुकांचे वजा ४०, म्हणजे ४६० गुण. दुसऱ्या मुलाचे ११० बरोबर, ५ चूक आणि तब्बल ६५ सोडलेले. त्याला ४३५ गुण पडतात. एकूण पाहिले तर दोघे जवळपास सारखे दिसतात आणि क्लासमध्ये त्यांना एकाच रिपीटर बॅचमध्ये बसवले जाते. वास्तविक दोघांचे दुखणे वेगळे आहे. मुलीचा अभ्यासक्रम बहुतेक पूर्ण झालेला असून तिला अंदाजाने गोळे रंगवण्याची सवय लागली आहे. तिच्या ४० चुकांपैकी निम्मे प्रश्न बरोबर झाले आणि उरलेले निम्मे तिने नुसते सोडून दिले, तर गुण ५८० होतात. १२० गुणांची ही वाढ एकही नवा धडा न शिकता होते. परंतु ही सवय पुन्हा तेच धडे ऐकून जात नाही. दर आठवड्याला तीन तासांची पूर्ण परीक्षा द्यायची, प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे "आकडेमोड चुकली", "प्रश्न अर्धवट वाचला" किंवा "येतच नव्हते" असे कारण लिहायचे आणि महिनाभराने ते कागद एकत्र वाचायचे, एवढ्यानेच ती जाते. मुलाच्या बाबतीत सोडलेले प्रश्न कुठले ते पाहिले, तर बहुतेक भौतिकशास्त्रातले निघतात. अकरावीचे यांत्रिकी आणि बारावीची विद्युतचुंबकता हे भाग त्याने वाचलेच नव्हते. त्याला वर्षाचा खराखुरा उपयोग आहे, कारण शिकायला पुष्कळ उरले आहे आणि जे शिकलेले आहे त्यावर त्याची पकड आहे. म्हणून पंचवीस गुण कमी असूनही वर्ष थांबण्याचा सल्ला मी त्या मुलाला अधिक विश्वासाने देईन. तिसऱ्या प्रकारचा विद्यार्थी म्हणजे ज्याचे तिन्ही विषयांत चूक आणि सोडलेले दोन्ही भरपूर आहेत आणि जो आधीच एक वर्ष थांबलेला आहे. त्याच्या घरच्यांना मी मिळणारी जागा घ्यायला सांगतो.

मिळणारी जागा घेणे म्हणजे पराभव, असे आपल्या भागात उगीच मानले जाते. बीएएमएस हा साडेचार वर्षे आणि एक वर्ष आंतरवासिता असा, म्हणजे कालावधीने एमबीबीएसइतकाच अभ्यासक्रम आहे. बीडीएस चार अधिक एक वर्षाचा आहे. या दोन्हींखेरीज राज्यात फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक यांचे प्रवेशही नीटवरच होतात. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दूध व कुक्कुटपालनावर चालणाऱ्या या टापूत पशुवैद्याला काम शोधत हिंडावे लागत नाही. ज्याला रुग्णालयापेक्षा गोठ्यात जास्त रस आहे, त्याने एमबीबीएसच्या हट्टापायी ही जागा सोडू नये असे मला मनापासून वाटते. याउलट, आयुर्वेदाविषयी काहीच आस्था नसताना केवळ "डॉक्टर" ही पाटी लागावी म्हणून बीएएमएसला गेलेला विद्यार्थी पुढे साडेपाच वर्षे कुढत काढतो. अशा विद्यार्थ्याने एक वर्ष थांबणे परवडते.

प्रवेश घेऊन शिवाय नीटही द्यायची, हा मधला मार्ग फार लोकप्रिय आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत फसवा आहे. आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंच्या) प्रवेशफेऱ्या एमबीबीएसनंतर लांबत जातात, कॉलेज उशिरा सुरू होते आणि ७५ टक्के हजेरी भरावीच लागते. बीएएमएसच्या पहिल्या वर्षाच्या पदार्थविज्ञान (आयुर्वेदाची मूलतत्त्वे), संस्कृत, रचना शारीर (शरीररचना) या विषयांचा नीटच्या भौतिक-रसायनशी काही संबंध नाही. मे उजाडेपर्यंत ना कॉलेजचा अभ्यास होतो, ना नीटचा. दोन डगरींवर हात ठेवायचा असेलच, तर प्रवेश घेण्यापूर्वी जागा सोडल्यास मूळ कागदपत्रे केव्हा परत मिळतात आणि किती शुल्क भरावे लागते, हे कॉलेजकडून लेखी घ्यावे.

आहे त्या गुणांवर खासगी किंवा अभिमत कॉलेजात एमबीबीएस घेणे, हा पर्याय बहुतेकदा पैशावर येऊन थांबतो. अभिमत विद्यापीठांत वर्षाचा खर्च अनेकदा वीस लाखांच्या पुढे जातो. राज्याच्या प्रक्रियेत येणाऱ्या खासगी कॉलेजांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते पुष्कळ कमी असते, मात्र त्यांतला संस्थात्मक कोटा (संस्थेसाठी राखलेल्या जागा) महाग पडतो. मुलींच्या पालकांना एक गोष्ट अजूनही माहीत नसते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत आहे. संस्थात्मक कोटा आणि अभिमत विद्यापीठे त्यात येत नाहीत. गेल्या वर्षी तासगावकडचे एक पालक द्राक्षबागेचा तुकडा विकण्याच्या तयारीने माझ्याकडे आले होते. मुलीला राज्याच्या यादीतून खासगी कॉलेज मिळण्याइतका क्रमांक होता आणि उत्पन्नाचा दाखलाही मर्यादेत होता. बाग विकण्याची गरजच नव्हती. अशा मुलीने थांबण्याचे कारण मला दिसत नाही, कारण सरकारी आणि खासगी जागेतला तिच्यापुरता मोठा फरक शुल्काचा होता आणि तोच मिटला होता.

थांबायचे ठरले, तरी चालू वर्षाच्या फेऱ्यांत बेफिकिरीने नाव घालू नये. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडता येते. दुसऱ्या फेरीपासून न गेल्यास अनामत जप्त होते. ही अनामत अखिल भारतीय कोट्यात खुल्या वर्गाला १० हजार रुपये आहे, पण अभिमत विद्यापीठांसाठी ती दोन लाख आहे. उरलेल्या जागांच्या अखेरच्या स्ट्रे फेरीत जागा मिळूनही रुजू न झाल्यास पुढच्या वर्षीच्या नीटला बसण्यावर बंदी येते, म्हणजे ज्या परीक्षेसाठी थांबलो तीच हातची जाते. नियम वर्षागणिक थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. कागदपत्रांचेही तसेच आहे. जातवैधता प्रमाणपत्र एकदा मिळाले की पुन्हा काढावे लागत नाही. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मात्र नव्या वर्षाचा लागतो आणि नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपलेली नाही ना हे पाहावे लागते, शिवाय शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. तहसील कार्यालयातली जूनची रांग टाळायची तर हे दाखले एप्रिल महिन्यातच काढून ठेवावेत.

कुठे राहून अभ्यास करावा, याबद्दल थोडेच सांगतो. लातूर, पुणे किंवा कोटा इथे शिस्त आणि बरोबरीची स्पर्धा मिळते. घरी झोप, जेवण आणि पैसा वाचतो. वर सांगितलेल्या मुलीला घर पुरेल, मुलाला चांगला भौतिकशास्त्राचा शिक्षक जिथे मिळेल तिथे जावे लागेल.

रिपीटर बॅचचे पैसे भरण्यापूर्वी एका रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळेत, परीक्षेसारखेच घड्याळ लावून, न पाहिलेली एक पूर्ण प्रश्नपत्रिका घरी सोडवून घ्यावी आणि बरोबर, चूक, सोडलेले हे तीन आकडे मूळ निकालाच्या आकड्यांशेजारी लिहावेत. चुका तेवढ्याच राहिल्या असतील, तर क्लासवाल्यांना पहिला प्रश्न हा विचारावा की, चुकांची वही तपासायला तुमच्याकडे माणूस कोण आहे.