मोटार कंपनीच्या नावाची ऑर्डर आणि मोंबासाला गेलेले टायर

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत आमची टायर वितरणाची पेढी आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या पट्ट्यात वाहन उद्योगावर पोट असलेले इतके लघुउद्योजक आहेत, की मोठ्या मोटार कंपनीच्या ऑर्डरचा विषय निघाला की कोणीही कान टवकारतो, आणि हे हेरूनच बनावट ऑर्डर दाखवून फसवणारी माणसे सावज शोधतात. घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण या फसवणुकीत ज्या कागदावर निर्यातदार सर्वांत जास्त विसंबतो, तोच कागद पोकळ निघाला.

ओळखीच्या वाहतूकदाराच्या शिफारशीने एक मध्यस्थ आमच्याकडे आला. एका मोटार कंपनीच्या गाड्या सुट्या भागांच्या रूपात केनियाला जातात, तिथे त्यांची जुळणी होते आणि त्यासाठी १८५/६५ आर १५ या मापाचे टायर हवे आहेत, असे त्याने सांगितले. बोधचिन्ह असलेली पर्चेस ऑर्डर, व्हेंडर कोड, खरेदी विभागाच्या नावाने येणारे ई-मेल, सगळे रीतसर दिसत होते. पहिली लहान खेप गेली आणि तिचे पैसे पूर्ण व वेळेवर आले. त्यानंतर ४० फुटी कंटेनरची ऑर्डर आली. भाव एफओबी न्हावा शेवा ठरला, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी आमची आणि पुढचे भाडे खरेदीदाराचे. त्यामुळे फॉरवर्डरही, म्हणजे जहाजाने माल पाठवण्याची व्यवस्था करणारा एजंटही, त्यानेच नेमला. सगळ्या डावाची किल्ली इथे होती.

उधारीवर माल द्यायचा नाही म्हणून कागदपत्रे आम्ही बँकेमार्फत पाठवली. खरेदीदाराने तिकडच्या बँकेत पैसे भरल्याखेरीज त्याला मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती व ताबा-कागद, मिळत नाही, आणि त्यावाचून माल सुटत नाही, अशी ही पद्धत आहे. तिन्ही मूळ प्रती अखेरपर्यंत बँकेच्याच ताब्यात राहिल्या. इकडे पैसे येईनात आणि मध्यस्थ रोज नवे कारण सांगू लागला, तेव्हा आमच्या हिशेबनिसाने कंटेनरचा क्रमांक, चार अक्षरे आणि सात अंक, जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. केनियातील मोंबासा बंदराच्या नोंदीखाली शेवटची ओळ होती : रिकामा कंटेनर परत जमा. टायर केव्हाच उतरवून नेलेले होते.

हे कसे शक्य झाले, ते न्हावा शेव्याच्या एका जुन्या सीएचएने, म्हणजे सीमाशुल्काची कामे करून देणाऱ्या एजंटाने, समजावून सांगितले. आमच्याकडे असलेले बिल जहाज कंपनीचे नव्हते. फॉरवर्डरने स्वतःच्या नावाने काढलेले ते हाऊस बिल होते. जहाज कंपनीच्या मास्टर बिलावर माल पाठवणारा म्हणून फॉरवर्डरचे आणि घेणारा म्हणून त्याच्याच मोंबासातील एजंटाचे नाव होते. जहाज कंपनी मास्टर बिल पाहून कंटेनर सोडते. हाऊस बिलाची मूळ प्रत मागून घेण्याचे काम त्या एजंटाचे, आणि तो तर त्यांचाच माणूस. त्यामुळे फॉरवर्डर परक्याने नेमलेला असेल, तर बिल थेट जहाज कंपनीचेच आणि पाठवणारा म्हणून आपल्या नावाचे मागावे. ते देण्यास टाळाटाळ झाली, तर माल गोदामातून हलवू नये. अशा फॉरवर्डरची १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्याखाली नौवहन महासंचालकांकडे नोंदणी आहे का, हेही तपासता येते. आमच्या फॉरवर्डरची नव्हती.

पर्चेस ऑर्डर घेऊन आम्ही त्या मोटार कंपनीच्या खऱ्या खरेदी विभागात गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी ती पाहताक्षणीच बनावट ठरवली. नव्या गाडीचा टायर प्रत्येक मॉडेलवर चाचण्या होऊन मंजूर होतो आणि तो थेट टायर कारखान्याकडून करारावर घेतला जातो. वितरकाकडून घेण्याचा प्रश्नच येत नाही, असे त्यांनी सांगितले. टायरच्या कडेवर चार अंकी खूण असते, पहिले दोन अंक उत्पादनाच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. टायर किती जुने चालतील याचा त्या ऑर्डरमध्ये उल्लेखही नव्हता, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. पहिल्या खेपेचे पैसेदेखील मोटार कंपनीच्या नव्हे, तर कोणत्याशा तिसऱ्याच पेढीच्या खात्यातून आले होते.

माल गेला एवढ्यावर हे थांबत नाही. निर्यातीची रक्कम मुदतीत आली नाही, की परकीय चलन कायद्यानुसार बँक खुलासा मागते, आणि जीएसटीचा परतावा घेतला असेल तर तो व्याजासह परत करावा लागतो. लुटला गेलेला माणूसच अशा रीतीने जाब देत फिरतो, याचा मला मनस्वी संताप येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आम्ही तक्रार दिली असून तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे आहे.

याच धर्तीची ऑर्डर आता जालन्यातील एका परिचित व्यापाऱ्याकडे आली आहे. मोटार कंपनी दुसरी आहे, टायरचे मापही वेगळे आहे, पण भाव एफओबी आहे आणि फॉरवर्डर तोच आहे. त्यांनी माल रोखून ती कागदपत्रे आमच्या तपास अधिकाऱ्यांकडे दिली आहेत.