स्वतःच्या रंगाची कांडी : क्रायोलान टीव्ही पेंट स्टिक

मालिकेत नव्यानं कामाला लागलेली मुलं-मुली विचारतात, ताई, पहिल्या पैशांतून काय घेऊ? पहिले पैसे हातात येतात ते काम केल्यावर नव्वद दिवसांनी. तोवर भाडं, रिक्षा, डबा सगळं पदरचं असतं, हे मला ठाऊक आहे. तरीही माझं उत्तर ठरलेलं आहे. क्रायोलानची टीव्ही पेंट स्टिक घ्या, आणि ती स्वतःच्या रंगाची घ्या. बाकी सगळं प्रॉडक्शन पुरवतं. साड्या पुरवतं, खोटे दागिने पुरवतं, रडायला ग्लिसरीनसुद्धा पुरवतं. चेहऱ्याला लागणारा रंग मात्र आपला आपण ओळखून जवळ ठेवावा, या मताला मी आले आहे आणि ते आता बदलेल असं वाटत नाही.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पंचवीस ग्रॅमची जाडसर कांडी, खालून फिरवली की वर येते. आत मेण आणि तेल यांत घोटलेला रंग. कंपनी बर्लिनची, १९४५ साली आर्नोल्ड लांगर यांनी सुरू केलेली, आणि मुळातच नाटक-सिनेमाच्या माणसांसाठी माल बनवणारी. त्यामुळे छटा ढिगानं आहेत आणि प्रत्येकीला नंबर आहे. आमच्याकडे मेकअप रूममध्ये रंगाचं नाव कुणी घेत नाही, नंबरच बोलतात. गव्हाळ चेहऱ्याला एफएस ३८, त्याहून गडद असेल तर एफएस ४५, डोळ्यांखालची काळी वर्तुळं मारायला नारिंगी डी ३२, गालाची हाडं आणि नाक रेखीव दाखवायला टीव्ही ब्राऊन. माझा बेस, म्हणजे चेहऱ्याला आधी लावायचा रंगाचा थर, एफएस ४५ मध्ये थोडा टीव्ही ब्राऊन मिसळून होतो. गालावर लावून मान वळवली की गाल कुठे संपला आणि मान कुठे सुरू झाली हे कळत नाही, इतका तो माझा आहे.

हा नंबर सापडायला मला मेकअपच्या खुर्चीत बसू लागल्यावर कितीतरी वर्षं लागली. आणि त्याचं कारण त्वचेचं नव्हतं.

मी कुडाळकडची. सावळी, खरं तर काळी म्हणावी अशीच. नाटकातून मालिकेत आले तेव्हा मेकअप दादा समोर दिसेल त्या बाईला एकच नंबर फासायचे. त्यात त्यांचा दोष फार नव्हता, वरून तसंच सांगून येई. खानदानी घरातली बाई आहे ना, मग उजळ दिसली पाहिजे. चेहरा दोन पायऱ्या वर चढवला की मान उघडी पडते. म्हणून मानेला लावायचं, मग हात दिसतात म्हणून हातांना, आणि हातांचा बेस साडीच्या निऱ्यांना लागतो म्हणून ड्रेस दादांची बोलणी खायची. उन्हात आउटडोअर असलं की माझा चेहरा राखाडी दिसायचा. संवाद म्हणताना निम्मं लक्ष त्या राखाडीवर. समोरचा नट काय देतोय ते घ्यायला मन मोकळंच नसायचं. अभिनयाचं नुकसान होतं ते असं, इतक्या साध्या कारणानं.

एका मालिकेच्या लुक टेस्टला, म्हणजे भूमिकेचं रूप कॅमेऱ्यासमोर तपासतात तेव्हा, वाहिनीच्या क्रिएटिव्ह विभागातली मुलगी माझ्यादेखतच म्हणाली, पाटलीणबाई जरा उजळ हव्यात. भूमिका गेली. ती वाहिनी कोणती हे सांगायची गरज नाही, तेव्हा सगळीकडे हीच भाषा होती. पुढे काळ बदलला आणि सावळ्या नायिकेच्या गोष्टी आल्या, तेव्हा गोऱ्या मुलींना गडद बेस फासून उभं केलेलंही मी त्याच मेकअप रूममध्ये बसून पाहिलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत एका गुणी मुलीच्या चेहऱ्यावर माझा रंग चढत होता आणि मला तिच्या रंगाकडे नेण्यासाठी स्पंज फिरत होता. त्या मुलीवर माझा राग नाही. पण हा प्रकार चुकीचा आहे, तेव्हाही होता, आणि मी तो बोलून दाखवते.

स्वतःची कांडी घेतली ती २०२० मध्ये. १९ मार्चला सगळी शूटिंग थांबली. मेअखेरीस सरकारनं अटी घालून परवानगी दिली आणि जुलैत मालिकांचे नवे भाग पुन्हा सुरू झाले. पासष्ट वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर येता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली, तोवर आमच्या मालिकेतले आजोबा घरी बसून होते आणि त्यांच्या वाटणीचे संवाद फोनवर बोलल्यासारखे लिहिले जात होते. आमच्या सेटवर सांगितलं गेलं की स्पंज, पफ, बेस सगळं ज्याचं त्यानं आणायचं आणि जमेल तेवढा मेकअप स्वतः करायचा. पुष्कळ जणी धास्तावल्या. मला बरं वाटलं.

लहानपणी जत्रांचा हंगाम सुरू झाला की वडील दशावतार बघायला न्यायचे, आणि माझा मुक्काम नाटकापेक्षा मागच्या बाजूला जास्त. दशावतारी नट आपापल्या पेटीसमोर बसून हातातल्या आरशात बघत स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो. स्त्रीपार्ट करणारे एक काका होते. त्यांना मी विचारलं होतं, दुसरं कुणी का नाही रंगवत? म्हणाले, "गो बाय, तोंड आपला असा तर हात पण आपलोच होयो." दिवसा शेतात राबणारा तो माणूस अर्ध्या-पाऊण तासात द्रौपदी व्हायचा, आणि कपाळावर शेवटची चिरी ओढून झाली की बोलायचा थांबायचा. तिथून त्याचं काम सुरू. लॉकडाऊननंतर आरशासमोर एकटी बसून बेस लावताना मला त्या बोलायचं थांबण्याचा अर्थ लागला. मेकअपचा तो अर्धा तास भूमिकेत शिरण्याचा असतो. दुसऱ्याचा हात चेहऱ्यावर फिरत असताना आपण मोबाइल बघतो. आपला हात फिरत असला की आपण चेहरा बघतो.

आता लावायचं कसं, कारण या कांडीची खरी परीक्षा तिथे आहे. थेट चेहऱ्यावर रेघोट्या ओढू नका. हाताच्या मागच्या बाजूला थोडी घासा, अंगठ्यानं चोळून कोमट करा, मग ओलसर आणि घट्ट पिळलेल्या स्पंजनं उचला. गाल, कपाळ, हनुवटी या क्रमानं दाबत बसवायची. ओढायची नाही, ओढली की पट्टे येतात. डोळ्यांच्या कडा आणि नाकापासून ओठांपर्यंत उतरणारी घडी, इथे स्पंजवर उरलेलं तेवढंच. माझ्या वयाच्या बायकांनी हे फार पाळावं. त्या घडीत जास्त माल भरला की दुपारच्या जेवणानंतर, ऊन लागून सारवलेल्या जमिनीला तडे जावेत तसा, बेस फाटतो. २०१६ मध्ये मराठी वाहिन्या एचडीवर आल्या, तेव्हापासून हे फाटणं घरोघरी दिसतं. आधीच्या पडद्यावर ते खपून जायचं. वरून ट्रान्सल्युसंट, म्हणजे स्वतःचा रंग न दाखवणारी पावडर, तीही पफनं दाबून. जादाची मोठ्या ब्रशनं झटकून टाकायची. शॉटच्या मध्ये घाम आला तर टिशूनं टिपा. दर वेळी पावडरचा थर चढवत गेलात तर संध्याकाळी चेहरा हलेनासा होतो.

हिच्या बाजूनं सगळ्यात मोठी गोष्ट रडण्याची. मालिकेत काम करणारी बाई आठवड्यातून किती वेळा रडते हे बघणाऱ्यांना माहीतच आहे. नाटकात आम्ही पॅनकेक नावाचा बेस वापरायचो, तो पाण्यानं लागतो आणि पाण्यानंच जातो. डोळ्यांतून थेंब ओघळला की गालावर त्याची वाट उमटते. प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेला ती दिसत नाही, क्लोजअपमध्ये दिसते. मग कट, टचअप, पुन्हा ग्लिसरीन, आणि तोवर मन विझलेलं. पेंट स्टिकचा बेस मेणाचा आहे, त्यावरून अश्रू नुसता घरंगळत जातो, मागे काही ठेवत नाही. एका मालिकेत मुलाला घराबाहेर काढल्यावर माझी व्यक्तिरेखा भाकऱ्या थापत रडते असा प्रसंग होता. दिग्दर्शकानं मास्टर म्हणजे सगळा प्रसंग दाखवणारा शॉट, मग समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेले दोन सजेशनचे, मग माझा क्लोज, असं सगळं न थांबता घेतलं. पीठ हाताला, धूर डोळ्यांत, आणि त्या दिवशी ग्लिसरीन घ्यावंच लागलं नाही. चारही शॉट्समध्ये चेहरा तोच राहिला, म्हणून रडणंही तेच राहिलं. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचं दुसऱ्याशी जुळतंय का, हे बघणाऱ्या मुलीला मला हाक मारावी लागली नाही. माझ्या कामाबद्दल मला समाधान आहे अशा मोजक्या प्रसंगांत तो बसतो.

त्याच मालिकेनं मला नाव दिलं. नाव म्हणजे व्यक्तिरेखेचं नाव. भाजीवाला त्याच नावानं हाक मारतो, दहीहंडीच्या सुपाऱ्या त्या नावाला येतात, मंचावर तेच पुकारतात. मालिकेनं निरोप घेतला की काही महिन्यांत ते नाव ओसरतं आणि फोनही थंडावतो. याचं मला सुरुवातीला फार लागायचं. आता लागत नाही, कारण ती प्रसिद्धी संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासाची होती आणि तो अर्धा तास दुसऱ्या कुणाकडे गेला. काम माझ्याकडे राहिलं. पण एक आठवण मी जपून ठेवली आहे. विरार लोकलच्या लेडीज डब्यात घरकामाला जाणारी एक बाई बराच वेळ बघत होती. उतरायच्या आधी जवळ येऊन म्हणाली, "आमच्या रंगाची मालकीणबाई मी पहिल्यांदाच बघितली टीव्हीवर." अभिनयाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मला मिळालेल्या कुठल्याही पुरस्काराच्या बाहुलीपेक्षा ते वाक्य मोठं आहे. आधीच्या नंबरात मी तिला कधीच दिसले नसते.

थोडं व्यवहाराचं. किंमत दीड हजाराच्या वर जाते, पण रोज वापरूनही एक कांडी महिनोन्महिने पुरते, कारण लागते फार थोडी. बाजारात नकली माल भरपूर आहे, म्हणून कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पावती मागा. रस्त्यावर अर्ध्या किमतीत मिळालेल्या एका बेनाव कांडीनं माझ्या ओळखीतल्या एका मुलीची हनुवटी पुरळानं भरली होती आणि तिचे दोन दिवसांचे सीन मुखवटा लावून करावे लागले. नवी कांडी घेतली की आधी कानामागे लावून एक रात्र बघा. उन्हाळ्यात कुठलीही मेणाची कांडी मऊ होते, अंगावर तेलाचे बारीक थेंब धरते. टिशूनं पुसून घ्या, व्हॅनिटीच्या खिडकीत ठेवू नका. आणि ती कुणालाही उसनी देऊ नका, मैत्रिणीलाही नाही.

काढायला आधी खोबरेल. बोटांनी गोल गोल चोळून रंग सुटू द्यायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, मग फेसवॉश. पॅकअपनंतर घोडबंदरच्या सेटवरून घरी पोचायला कितीही रात्र झाली तरी हे करूनच झोपायचं. बेस अंगावर ठेवून झोपलेल्या नट्यांची त्वचा चाळिशीत काय होते ते मी जवळून पाहिलं आहे.

कुणी घेऊ नये? ऑफिसला जाणाऱ्यांनी, लग्नाच्या पाहुण्यांनी. दिवसाच्या साध्या उजेडात हा बेस जड दिसतो. हा दिव्यांचा आणि कॅमेऱ्याचा माल आहे. मोबाइलवर रील करणाऱ्या मुलीही हल्ली घेतात. त्यांना रिंग लाइटपुढे चालेल, पण इतकी झाकणारी वस्तू त्यांना लागत नाही असं माझं मत.

नटांनी मात्र घ्यावी, आणि विकत घेताना एकटं जाऊ नये. दुकानातल्या दिव्याखाली सगळे नंबर छान दिसतात. जबड्याच्या कडेला तीन नंबर शेजारी शेजारी लावा, बाहेर उजेडात या, आणि सोबतच्या माणसाला विचारा कुठला दिसत नाहीये. जो दिसत नाही तो तुमचा. लुक टेस्टला तो लावून जा. कुणी "जरा उजळ करूया" म्हणालं तर शांतपणे सांगा की एकदा डीओपींना, म्हणजे छायाचित्रणाच्या प्रमुखांना, मॉनिटरवर बघू द्या, आणि चेहरा, मान आणि हात एकाच फ्रेममध्ये घ्यायला सांगा.