पानिओनिओस, नेआ स्मिर्नी: अथेन्समधला एक सामना

अथेन्समध्ये शनिवार-रविवारची दुपार मोकळी असेल, तर ऑलिंपियाकोस किंवा आएके या मोठ्या क्लबांच्या तिकिटामागे धावण्याआधी नेआ स्मिर्नीच्या मैदानाचा विचार जरूर करावा. इथे पानिओनिओस खेळतो, निळ्या-लाल रंगाचा फुटबॉल क्लब. अलीकडची वर्षं तो सुपर लीग 2 मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत आहे. खेळाचा दर्जा त्याच श्रेणीचा: लांब पास, भरपूर धडका, चेंडूवर ताबा कमी. तरीही इथे जावं, ते क्लबच्या इतिहासासाठी.

क्लबचा जन्म अथेन्सचा नाही. 1890 मध्ये स्मिर्नात, आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये, संगीत आणि खेळ अशा दोन्हींसाठी ‘ऑर्फेउस’ नावाची संस्था निघाली. पानिओनिओस तिचाच वारस. 1922 मध्ये स्मिर्ना जळालं, तिथले ग्रीक परागंदा झाले, आणि क्लबही त्यांच्यासोबत समुद्र ओलांडून आला. अथेन्सच्या दक्षिणेला निर्वासितांची वस्ती उभी राहिली, तीच नेआ स्मिर्नी, म्हणजे ‘नवं स्मिर्ना’. तिथलं हे मैदान 1939 चं.

मोठे करंडक दोनच, पण दोन्ही मोलाचे. 1979 च्या ग्रीक कपच्या अंतिम सामन्यात आएकेला 3-1 असं हरवलं, आणि त्याच वर्षी युरोपीय स्पर्धेत नेदरलँड्सच्या ट्वेंटेला घरच्या मैदानावर 4-0. 1998 मध्ये पानाथिनाइकोसवर 1-0 असा विजय मिळवून पुन्हा कप जिंकला. पुढच्या हंगामात रॉनी व्हीलन प्रशिक्षक असताना कप विनर्स कपची, म्हणजे युरोपातल्या कपविजेत्या क्लबांच्या स्पर्धेची, उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे इटलीच्या लाझिओने पानिओनिओसच्या घरी 4-0 आणि रोममध्ये 3-0 असं हरवलं. पुढे तो कप लाझिओनेच जिंकला, त्यामुळे या पराभवाची लाज वाटायचं कारण नाही. ग्रीक लीगमध्ये सर्वाधिक 260 गोल करणारा थोमास माव्रोस इथेच घडला. आएकेत अकरा वर्षं काढून तो परतला आणि 1990 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. एवढा वारसा असूनही पैशाची घडी विस्कटली. 2020 मध्ये वरच्या श्रेणीतून खाली आलेला क्लब थेट हौशी संघांच्या गामा एथनिकीत गेला आणि तिथून खेळूनच वर आला.

जायचं कसं? शहराच्या मध्यावरच्या सिन्टाग्मा चौकातून ट्राम 6 घ्यावी. 1.20 युरोचं तिकीट 90 मिनिटं चालतं, पण चढल्यावर यंत्रावर टेकवायला विसरू नये, दंड जबर असतो. ‘अगिया फोतिनी’ला उतरून मैदान चालत गाठता येतं. थांब्याला ज्या चर्चचं नाव आहे, त्याचा घंटाघराचा मनोरा स्मिर्नातल्या नष्ट झालेल्या मनोऱ्यासारखा बांधलाय. तो आधी पाहावा. वेळ असेल तर ‘एस्तिया’ या 1930 च्या संस्थेतही डोकवावं, आशिया मायनरच्या, म्हणजे स्मिर्ना ज्या भागात होतं त्याच्या, आठवणी तिथे जपल्या आहेत. क्लब कुठून आला हे मैदानापेक्षा या दोन ठिकाणी जास्त कळतं.

घोळ होतो तो वेळापत्रकाचा. या श्रेणीत सामन्याचा दिवस आणि वेळ उशिरा बदलते, आणि प्रेक्षकांच्या दंगलीची शिक्षा म्हणून सामना रिकाम्या मैदानातही खेळवला जातो. म्हणून विमानाचं तिकीट सामन्याच्या भरवशावर काढू नये. आदल्या दिवशी क्लबच्या पानावर तारीख, वेळ आणि मैदान, तिन्ही तपासावं. पासपोर्ट जवळ ठेवावा, ग्रीसमध्ये तिकिटाला ओळख जोडण्याचे नियम कडक झालेत. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना बहुतेक वेळा प्रवेश नसतो, तेव्हा त्यांच्या रंगाचे कपडे टाळावेत. कट्टर पाठीराख्यांचा स्टँड सोडून बाजूचा निवडावा. तिथून खेळ नीट दिसतो आणि गाणी तितकीच ऐकू येतात.

गुण पाचापैकी चार. एक गुण कापला तो वेळापत्रकासाठी.