सफरचंदाची रोपं घेताय? पॉलिनायझरच्या नावाखाली काय गळ्यात मारतात ते वाचा

‘ॲना’ या सफरचंदाच्या जातीची ३२० रोपं, १८० रुपये नग. पॉलिनायझर, म्हणजे ॲनाला पराग पुरवणारी दुसरी जात, म्हणून ‘डॉर्सेट गोल्डन’ची ८०, नगाला २६०. रोपांचे ७८,४०० आणि गाडीभाड्याचे ६,५०० रुपये रोख मोजले. तिसऱ्या वर्षी बाग फुलांनी लगडली आणि फुलं तशीच गळून गेली. डॉर्सेट म्हणून लावलेल्या ओळींत जी थोडी फळं टिकली, तीही लांबट, लाल गालाची. डॉर्सेटचं फळ गोल आणि सोनेरी असतं. म्हणजे चारशेच्या चारशे झाडं ॲनाच.

रोप मेलं की निदान भांडता येतं. इथे रोप जगतं, वाढतं, फुलतं, फक्त फळ धरत नाही. ॲनाला स्वतःचा पराग जवळजवळ चालत नाही. पराग फुलाच्या टोकावर रुजतो, नळी खाली उतरू लागते आणि वाटेतच थांबते, बीजांडापर्यंत पोचतच नाही. सगळी कलमं एकाच झाडाची पिलावळ, त्यामुळे शेजारच्या ॲनाचा पराग हासुद्धा स्वतःचाच. मधमाश्यांच्या कितीही पेट्या ठेवा, उपयोग नाही. खत कमी पडलं, बोरॉन मारा, असं सांगून दुकानदारांनी आणखी ४,२०० रुपयांची औषधं खपवली. ती मारण्याआधी फळ आडवं कापून बघा. पाच कप्पे, प्रत्येकात दोन बिया, म्हणजे सगळ्या भरल्या तर दहा. आमच्या फळांत दोन-तीनच बिया होत्या आणि फळ एका बाजूला दबलेलं. दोष खतात नव्हता, परागात होता.

ज्या क्षणी कळायला हवं होतं, तो अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. डॉर्सेटची मोळी सोडताना सुतळीखाली दुसऱ्या चिठ्ठीचा फाटका तुकडा अडकलेला होता आणि त्यावर ‘ॲना’ लिहिलेलं होतं. विचारलं तर गाडीवाला म्हणाला, ‘बांधताना चिठ्ठ्या बदलल्या असतील.’ बेअर रूट, म्हणजे मुळांना माती नसलेली रोपं होती, मुळं सुकायच्या आत मातीत जाणं भाग होतं. चारशे रोपं बांधावर ठेवून त्या वेळी कोण वाद घालत बसेल? पण तो तुकडा जपून ठेवायला हवा होता. तुम्ही फोटो काढा, मोळी सोडण्याआधी, चिठ्ठीसकट. बिलावर नुसतं ‘सफरचंद रोपे ४००’ लिहून देत असतील तर पैसे देऊ नका. जात आणि जातवार नग लिहून घ्या.

तक्रार केली तर कार्यालयातले साहेब म्हणतात, ‘झाडं जिवंत आहेत ना, मग फसवणूक कसली?’ दुसरे म्हणतात, रोपवाटिका परराज्यातली, आमच्या हद्दीत येत नाही. फळरोपवाटिकांसाठी १९६९चा कायदा आहे, पण तो कागदावरच! पाहणीला या म्हटलं तर फुलं गळून गेल्यावर माणूस आला, तोही बांधावरूनच परत गेला. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आणि ही लबाडी उघडी पडते तिसऱ्या बहाराला. मुदत संपली असं कोणी तोंडी सांगितलं तर घरी बसू नका. फसवणूक कळली त्या दिवसापासून मुदत मोजा असा मुद्दा मांडा आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि स्वतःच्या जिल्ह्यात दावा लावता येतो.

पुरावा फुलोऱ्यातच तयार करा. एका फांदीवरच्या कळ्या गुलाबी असतानाच त्यांना मलमलची पिशवी बांधा. दुसऱ्या फांदीवर खात्रीच्या डॉर्सेटचा पराग ब्रशने लावा: न उमललेल्या फुगीर कळ्यांतले परागकोश काढून रात्रभर कागदावर सावलीत सुकवायचे, की पिवळी पूड सुटते. पहिल्या फांदीवर फळ नाही आणि दुसरीवर आहे, असं दिसलं की तारखेसह फोटो काढा.

बाग उपटू नका. पानगळीनंतर, डोळे फुगण्याआधी, दर तिसऱ्या ओळीतल्या दर तिसऱ्या झाडावर डॉर्सेटचं पाचर कलम करा. काडी पेन्सिलीएवढी जाड, दोन-तीन डोळ्यांची, आणि ज्या झाडाची फळं स्वतः पाहिली आहेत त्याच झाडाची. कलमाच्या फांदीला रंग लावा, नाहीतर छाटणीवाला तीच आधी उडवतो. ती फांदी फुलायला लागेपर्यंत दरवर्षी फुलोऱ्यात डॉर्सेटच्या कळीदार फांद्या पाण्याच्या डब्यात घालून झाडांत टांगा आणि मधमाश्यांच्या एकरी दोन पेट्या आणा. फुलं असताना कीटकनाशक बंद.

८० डॉर्सेटचे म्हणून घेतलेले २०,८०० रुपये परत मिळालेले नाहीत. तक्रार मागे घेतलेली नाही.