कॅबर्ने की शिराझ? कोल्हापुरात रेड वाइनसाठी द्राक्षं घेताना

कोल्हापुरात बसून रेड वाइनसाठी द्राक्षं घ्यायची म्हटलं की तीन वाटा समोर येतात. जवळची, तासगाव-मिरज पट्ट्यातली काळी खायची द्राक्षं. लांबची, नाशिककडची खास वाइनची द्राक्षं, म्हणजे बहुतेक वेळा कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझ. आणि तिसरी, कर्नाटकातून येणारी बंगळूर ब्लू. खरा पेच कॅबर्ने आणि शिराझ यांच्यात आहे, पण तिथवर पोहोचण्याआधी बाकी दोघांचा निकाल लावून टाकू.

त्याहीआधी एक. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याप्रमाणे (१९४९) वाइन करायलाही परवाना लागतो. घरच्यापुरती आहे, विकणार नाही, म्हणून चालेल असं गृहीत धरू नका. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात विचारून, जे उत्तर मिळेल ते लेखी घेऊनच द्राक्षांचा सौदा करा.

तासगावची काळी द्राक्षं

मोह होतो हे खरं. अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर, सकाळी काढलेला माल दुपारी घरात. शरद सीडलेस, जंबो ही खायला उत्तम द्राक्षं आहेत, आणि ती खाण्यासाठीच वाढवलेली असतात. विरळणी करायची, जीएचे (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडचे) डोस द्यायचे, मणी १८-२० मिलिमीटरपर्यंत फुगवायचा. वाइनच्या द्राक्षाचा मणी जेमतेम १२-१३ मिलिमीटरचा असतो. काळ्या द्राक्षाचा गर पांढरट असतो, रंग सगळा सालीत असतो, आणि टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा देणारं द्रव्य, सालीत व बियांत. मणी मोठा झाला की किलोमागे साल कमी पडते. साल तेवढीच जाड धरली तर २० मिलिमीटरच्या मण्यात ती १२ मिलिमीटरच्या मण्याच्या जेमतेम साठ टक्के भरते. वर बी नाहीच. अशा द्राक्षांची वाइन पहिल्या महिन्यात देखणी दिसते. पावसाळा लागेपर्यंत रंग विटकरीकडे झुकतो, आणि तोंडात घेतल्यावर मध्ये काहीच सापडत नाही.

गोडीही कमी पडते. बाजारात येणारा काळा माल बहुधा १७ ते १९ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे टक्के), म्हणजे साधारण १० टक्के अल्कोहोल. तो १३ वर न्यायचा तर लिटरमागे टक्क्याला १७ ग्रॅम साखर धरा, २० लिटरला किलोभर. साखरेनं अल्कोहोल वाढतो, वाइनला अंग येत नाही. कोल्हापूर म्हटल्यावर साखरेऐवजी गूळ सुचणारच, पण तो अजिबात घालू नका. गुळाचा रंग आणि चव दोन्ही शेवटपर्यंत राहतात, द्राक्ष मागे पडतं. मात्र फिकट गुलाबी, थंड करून प्यायची रोझे करायची असेल तर हीच द्राक्षं सोयीची. साल रसात एखादा दिवसच ठेवायची आणि गाळून घ्यायचं.

बंगळूर ब्लूबद्दल थोडक्यात. हिच्यात लॅब्रुस्का या अमेरिकन द्राक्षजातीचं रक्त आहे. तो गडद, सरबती वास गोडसर वाइनला शोभतो, आणि बंगळुरात नाताळच्या घरगुती वाइनला तीच वापरतात. कोरड्या रेड वाइनमध्ये मात्र तो वास दबत नाही.

आता मुख्य प्रश्न

कॅबर्ने आणि शिराझ दोन्ही नाशिककडे दिंडोरी-निफाड पट्ट्यात मिळतात. अकलूज, दौंड-बारामती आणि कर्नाटकात विजयपूर भागातही वाइनच्या द्राक्षांची लागवड आहे. ही ठिकाणं कोल्हापूरला नाशिकपेक्षा बरीच जवळ, पण तिथला माल बहुतेक वायनरीच्या करारात अडकलेला. दोन-तीन क्रेट सुट्टे मिळणं ओळखीवर अवलंबून. नाशिककडे बागाही जास्त आणि शेतकरीही जास्त, त्यामुळे करार भागून उरलेला माल मिळण्याची शक्यता तिथे अधिक. अंतर मात्र पुण्यावरून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास.

किती घ्यायची? लाल वाइनला किलोमागे ६०० ते ६५० मिली हाती लागतं. २० लिटरची काचेची बरणी काठोकाठ भरायची आणि वर टॉपिंगसाठी, म्हणजे नंतर पडणारी तूट भरायला, दोन-तीन लिटर हाताशी ठेवायची, तर ४० किलो धरा. ३२ किलोत बरणी कशीबशी भरते, पण गाळ काढल्यावर वर रिकामी जागा राहते आणि तिथूनच वाइन बिघडते.

कॅबर्नेची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. साल जाड, मणी बारीक, बी मोठं. रंग घट्ट उतरतो, टॅनिन भरपूर. आम्लता बरी टिकते, त्यामुळे पीएच फार वर जात नाही. आणि कोल्हापूरकरांच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे प्रवास सोसते. नऊ-दहा तास टेम्पोत हादरे खाऊनही क्रेटच्या तळाला रस कमी साचतो. वर्ष-दीड वर्ष ठेवायचा धीर असेल, आणि द्राक्षं पुरती पिकलेली मिळाली, तर कॅबर्नेसारखी वाइन नाही.

अडचण त्या ‘पुरती पिकलेली’ या दोन शब्दांत आहे. कॅबर्नेत पायराझिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा वास थेट कापलेल्या ढोबळी मिरचीचा. फार सूक्ष्म असतं ते. लिटरमध्ये एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके दहा-पंधरा वाटे पुरतात आणि नाकाला कळतं. घडांवर ऊन पडलं आणि द्राक्ष पुरतं पिकलं की ते कमी होतं. आपल्याकडे बागा जोमदार. डॉगरिजच्या खुंटावर (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम करतात ती जोमदार वेल) असतील तर पानोरा आणखी दाट, घड सावलीत. त्यातच कॅबर्ने उशिरा पिकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ढग आले, किंवा मजुरांची टोळी त्याच आठवड्यात मिळणार असली, तर शेतकरी २१-२२ ब्रिक्सला काढणी उरकतो. त्याचा दोष नाही. भाव साखरेवर ठरतो आणि साखर तर आलेली असते. पण साखर आली म्हणजे वास गेला असं होत नाही.

आणि हा वास जात नाही. आंबवण्यानं जात नाही, गाळ बदलून जात नाही, वर्षभर ठेवून जात नाही. ओकचे तुकडे घातले तर थोडा झाकला जातो, इतकंच. देठांत तो सालीपेक्षाही जास्त असतो, म्हणून देठ काढावेतच, पण हातानं एकेक देठ काढूनही सालीतला जो उरायचा तो उरतोच. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. घरी करणाऱ्याच्या हातात काढणीची तारीख नसते, आणि कॅबर्नेचं सगळं भवितव्य त्या तारखेवर.

शिराझमध्ये पायराझिन नगण्य असतं. थोडी लवकर काढली तरी ती फिकी लागेल, आंबट लागेल, पण ढोबळी मिरची लागणार नाही. तिचा स्वतःचा वास काळ्या मिऱ्याचा. थंड प्रदेशात तो जास्त उठतो. आपल्या उन्हात ती जांभूळ-आलुबुखाराकडे झुकते. शिराझचे दोष वेगळे आहेत आणि ते बहुतेक दुरुस्त करता येतात. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी शिराझच सुचवेन, अर्थात ज्याला तो हिरवा वास मुळातच आवडतो त्याचं गणित वेगळं.

शिराझचा मुख्य दोष आणि त्याचा इलाज

पीएच. उन्हाळी हवेत पिकलेल्या शिराझचा रस सहज ३.८ दाखवतो, कधी ३.९. डॉगरिजचा खुंट असेल तर पोटॅशियम जास्त ओढलं जातं आणि आकडा आणखी चढतो. एवढ्या पीएचला रंग निळसर-मंद होतो, चव सपाट होते, आणि केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, रसात सल्फर डायऑक्साइड सोडून जिवाणू रोखणारी पूड) नीट काम करत नाही. पीएच ३.४ ला जिथे लिटरला ३२ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो, तिथे ३.८ ला ८० च्या आसपास लागतो. तेवढा घातला तर नाकात झोंबतो, नाही घातला तर जिवाणू माजतात.

इलाज टार्टरिक ॲसिड, फूड ग्रेड. लिटरला एक ग्रॅम घातलं की पीएच साधारण ०.१ नं उतरतो. ४० किलोतून २५ लिटर रस धरला आणि ३.८ वरून ३.६ वर यायचं असेल, तर ५० ग्रॅम. सगळं एकदम घालू नका. यीस्टच्या आधी ३० ग्रॅम कोमट रसात विरघळवून घाला, ढवळा, दोन तासांनी मोजा, मग उरलेलं. सायट्रिक म्हणजे लिंबूसत्त्व घरात असतं म्हणून वापरण्याचा मोह टाळा. मॅलोलॅक्टिक जिवाणू (वाइनमधलं तीव्र मॅलिक आम्ल सौम्य करणारे) ते फोडतात आणि त्यातून थोडं व्हिनेगरचं आम्ल तयार होतं. पीएच मीटरला पर्याय नाही. कागदी पट्टी लाल रसात रंगून जाते, काहीच वाचता येत नाही.

दुसरा दोष म्हणजे कॅबर्नेच्या मानानं पातळ साल. शिराझ प्रवासात फुटते. २० किलोच्या क्रेटमध्ये १०-१२ किलोच भरायला सांगा, नाहीतर खालचा थर वरच्या वजनानं चिरडतो. काढणी पहाटे, माल दिवसभर सावलीत, गाडी संध्याकाळी सुटली की उजाडताना कोल्हापुरात. आल्या आल्या क्रेटच्या तळाचा रस वेगळा काढून वास घ्या. नेलपॉलिशसारखा वास आला तर तो रस फेकून द्या, बाकीच्यात मिसळू नका.

बागेत उभं राहून काय बघायचं

ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर न्याच, पण एका घडावर विसंबू नका. चार-पाच ओळींतले, उन्हाच्या आणि सावलीच्या बाजूचे मिळून शंभरेक मणी पिशवीत चिरडून त्या रसाचं माप घ्या. शिराझ २३.५ ते २४.५, कॅबर्ने २४ च्या खाली नको. मग एक मणी तोंडात टाका, गर गिळा, साल चावा. बोटांना लागलेला रंग गुलाबी असेल तर थांबा, जांभळा हवा. बी थुंकून बघा. तपकिरी आणि दाताखाली कडकन फुटणारी हवी, हिरवट-चिवट असेल तर माल कच्चा. कॅबर्ने घेत असाल तर साल चावल्यावर मागे उरणाऱ्या वासाकडे लक्ष द्या. तिथे ढोबळी मिरची जाणवली तर बरणीत ती जाणवणारच. शिराझचे मणी वेलीवरच सुरकुततात. थोडे असतील तर चालतात, घडाचा चौथा हिस्सा सुरकुतला असेल तर ब्रिक्सचा आकडा फसवा आहे.

शेतकऱ्याला एकच प्रश्न नक्की विचारा: भुरीसाठी (पांढऱ्या बुरशीच्या रोगासाठी) गंधकाची शेवटची फवारणी कधी? महिनाभर तरी उलटलेला हवा. साल रसात आठवडाभर मुरते, त्यावरचं गंधक यीस्टच्या तावडीत सापडलं की सडक्या अंड्याचा वास येतो. भुरीची पांढरट झाक असलेले घड तिथेच बाजूला काढा. निवडायला जागा मिळणार नसेल तर तो माल नको.

घरी आल्यावर

चिरडताना दहा किलोला एक ग्रॅमपेक्षा थोडं कमी केएमएस, दुसऱ्या दिवशी यीस्ट. मग कोल्हापूरच्या फेब्रुवारी-मार्चशी गाठ. दुपारी बाहेर ३४-३५ अंश, आंबताना लगद्याची स्वतःची उष्णता वेगळी. ३२ च्या वर यीस्ट दमतं आणि साखर अर्धवट राहते. पिंप पाण्याच्या टबात ठेवा, त्यात गोठवलेल्या बाटल्या सोडा, थर्मामीटर वर तरंगणाऱ्या सालीच्या थरात खुपसून बघा. थराचं तापमान खालच्या रसापेक्षा बरंच जास्त असतं. दिवसातून तीनदा थर खाली दाबायचा. इथेही शिराझ सोपी. तिचा रंग पाच-सहा दिवसांत उतरतो, तेव्हाच पिळून घेतली तरी चालते. कॅबर्नेला आठ-दहा दिवस साल ठेवावी लागते, म्हणजे तेवढे दिवस टबात बर्फ.

दोन्ही मिळत असतील तर तीन क्रेट शिराझ आणि एक क्रेट कॅबर्ने घ्या. वेगवेगळ्या आंबवा, गाळल्यावर चाखा आणि मगच मिसळायचं की नाही ते ठरवा. कॅबर्ने चांगली उतरली असेल तर पाव हिस्सा मिसळल्यानं शिराझला कणा मिळतो. हिरवी निघाली तर वेगळीच राहू द्या, शिराझचे १८-२० लिटर वाचतात.

बुकिंग ऑक्टोबरमध्ये करा. फळछाटणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारून वहीत लिहा आणि तिथून साडेचार-पाच महिने मोजा. जानेवारी उजाडला की दर आठवड्याला फोन करून ब्रिक्स विचारायचा. २२ ऐकलं की टेम्पोवाल्याशी बोलून ठेवा, तिथून पुढे हाताशी आठ-दहा दिवसच असतात.