जिओकॉइन कुठे पाडून घ्यावं: परदेशी टांकसाळ, मेडलचं दुकान की वाळूजचा लेझर?

मुहम्मद बिन तुघलकाने १३२९ ते १३३२ च्या दरम्यान तांब्या-पितळेचं नाणं चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवायला काढलं. दौलताबादच्या टांकसाळीतही ते पडलं आणि मग घरोघरी खोटी नाणी पडू लागली. जिओकॅशिंग म्हणजे लपवलेले डबे जीपीएसने शोधायचा खेळ, आणि जिओकॉइन म्हणजे त्या डब्यांतून हातोहात फिरणारं, कोड कोरलेलं नाणं. त्याची गतही धातूच्या हिशेबाने तशीच आहे. आतलं पितळ किंवा जस्त भंगाराच्या भावाचं, मोल सगळं त्यावर कोरलेल्या कोडाचं. फरक एवढाच की हा कोड सिअॅटलच्या जिओकॅशिंग मुख्यालयाच्या एकाच वहीत नोंदलेला असतो, तिथे जुळला तरच नाणं चालतं. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला बसून स्वतःच्या नक्षीचं नाणं पाडून घ्यायचं तर पहिला प्रश्न चकाकीचा नाही. कोड कोण देणार, तो कुठे कोरणार आणि दोन पावसाळ्यांनंतर तो वाचता येईल का, हे आधी विचारायचं. तिन्ही पर्याय याच फुटपट्टीने मोजले आहेत.

निकाल आधीच सांगतो. संग्रहासाठी आणि अदलाबदलीसाठी परदेशी टांकसाळ, डब्यात फिरायला सोडायच्या नकलेसाठी (मूळ नाणं घरी ठेवून सोडायच्या, त्याच कोडच्या चकतीसाठी) संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक भागातला फायबर लेझर, आणि मेडलचं दुकान फक्त मेळाव्यात वाटायच्या आठवणीसाठी.

परदेशी टांकसाळीपासून सुरू करू, कारण पैसे आणि चुका दोन्ही तिथेच जास्त. अशा कारखान्याकडे कोडची व्यवस्था असते. तो मुख्यालयाकडून अधिकृत कोड घेतो, प्रत्येक नगावर वेगळा कोरतो आणि कोडची यादी सोबत देतो. नाणं नोंदवायला कोडशिवाय एक सक्रियण कोडही लागतो. तो कधी, कुठून आणि कोणाच्या खात्यावर मिळणार, हे ऑर्डर देतानाच लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी ५० ते १०० नगांखाली काम घेत नाहीत. दोन बाजूंचे दोन ठसे, त्यांचा खर्च एकदाच. पुढच्या खेपेला तोच ठसा वापरून फक्त मुलामा बदलला की नवी आवृत्ती तयार. एकाच नक्षीच्या निकेल, काळं निकेल, अँटिक तांबं अशा तीन-तीन आवृत्त्या बाजारात दिसतात त्या याच हिशेबाने. त्यातली कमी नगांची आवृत्ती अदलाबदलीत भाव खाते.

मापाचा हिशेब करून बघा. ३८ मिमी व्यास आणि ३ मिमी जाडीचं भरीव नाणं पितळेत साधारण २९ ग्रॅम, जस्त मिश्रधातूत २२-२३ ग्रॅम भरतं. ४५ मिमीला गेलात तर पितळ ४० ग्रॅमवर जातं, म्हणजे शंभर नगांचं पार्सल चार किलोंचं. नक्षीच्या खोलगटीने थोडं वजन उतरतं, पण टपालखर्च धरताना पूर्ण आकडाच धरा. आमच्या मते ३८ ते ४० मिमी पुरे. त्याहून मोठं नाणं हातात भारदस्त वाटतं, पण छोट्या डब्यात ते आतल्या नोंदवहीशी आणि पेन्सिलीशी भांडतं.

आता देवनागरी. इथे बहुतेक नाणी फसतात. परदेशी चित्रकाराकडे तुमचा फॉन्ट नसतो. तो फाईल उघडतो आणि वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, रफार सुटतो, ‘छत्रपती’मधला ‘त्र’ फुटून ‘त् र’ होतो. त्याला ते कळत नाही, नमुनाचित्रात तुम्हीही घाईत बघितलं नाही की शंभर नगांवर छापून येतं. उपाय सोपा: मजकूर पाठवण्याआधी बाह्यरेषांत बदलून व्हेक्टर फाईल द्या, म्हणजे फॉन्टचा संबंधच उरत नाही. दुसरी अडचण गोल मजकुराची. रोमन अक्षरं कडेने वळवली तर बिघडत नाहीत, मराठी अक्षरं वळवली की प्रत्येकाची शिरोरेषा वेगळ्या कोनात जाते आणि दातेरी कंगवा दिसतो. अक्षरं शिरोरेषेविना वळवा आणि वरून एकच कमान वेगळी काढा. तिसरी, अनुस्वाराची. ‘अजिंठा’मधल्या ‘जिं’चा ठिपका वेलांटीला चिकटतो आणि मुलाम्यात बुजतो. ठिपका ०.४ मिमीच्या खाली नको आणि वेलांटीपासून तेवढंच अंतर हवं. धातूच्या रेघेलाही साधारण ०.२५ ते ०.३ मिमी जाडी लागतेच.

नक्षीचा विषय निवडताना मीना, म्हणजे धातूच्या खोलगटीत भरायचा रंग, कसा भरतात ते लक्षात घ्या. प्रत्येक रंगाला धातूची भिंत लागते, रंगात रंग विरघळवता येत नाही. म्हणून अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी नाण्यावर घेऊ नका. त्याचा सगळा जीव त्या मऊ सावल्यांत आहे. मीन्यात तो रंगवायच्या वहीतला दिसतो, आणि छापील रंग वरून मारून घेतला तर ते नाणं न राहता बिल्ला होतो. वेरूळचं सोळावं लेणं मात्र ठशासाठीच घडल्यासारखं आहे: कैलासाचे थर, हत्तींची रांग, स्तंभ. थ्रीडी ठसा, रंग शून्य, अँटिक चांदीचा मुलामा. खोलगटीत काळं बसतं, उंचवटे घासून उजळ होतात आणि दगड दगडासारखा दिसतो. पैठणीचा मोर, पोपट आणि आसावलीची वेलबुट्टी तर मुळातच रंगांच्या घरांत विणलेली, ती मीन्यात सुरेख उतरते. बीबी का मकबरा साध्या निकेलवर छान दिसतो, मीनार बारीक असल्याने फक्त ४० मिमीच्या खाली जाऊ नका. आणि हो, लोणार बुलढाण्यात आहे, म्हणजे विदर्भात. ‘मराठवाडा’ लिहिलेल्या नाण्यावर ते सरोवर घातलंत तर त्याची दुरुस्ती लोक तुम्हाला आयुष्यभर सांगतील.

बिदरीचा भास हवा असेल तर काळं निकेल आणि वर चांदीची रेघ असा दुहेरी मुलामा मागता येतो. महाग पडतो, आणि दोन मुलाम्यांची हद्द बारीक रेषांत ओघळते, त्यामुळे ठसठशीत नक्षीच घ्या. खरं बिदरीकाम वेगळी गोष्ट. त्यात जस्तात थोडं तांबं असतं आणि काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने चढतो. ते हातानेच होतं आणि दोन नग सारखे निघत नाहीत.

मऊ मीना की कठीण? मऊ मीन्यात रंग धातूच्या पातळीखाली राहतो, बोटाला उठाव लागतो, खर्च कमी. कठीण मीना घासून धातूच्या पातळीला आणतात, तो ओरखड्यांना जास्त टिकतो. पण कठीण मीना आणि अँटिक मुलामा दोन्ही एकत्र मागू नका. अँटिकला काळं धरायला खोलगट लागतो आणि तोच मीन्याने सपाट झालेला असतो. मऊ मीन्यावर इपॉक्सीचा पारदर्शक थर देऊ करतात, तो टाळा. उन्हात तो पिवळा पडतो, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा चाळिशीच्या वर असताना उन्हातला पत्र्याचा डबा आतून काय तापतो हे सांगायला नको.

कोडची जागा सपाट धातूवर, मीन्यापासून दूर. अक्षराची उंची दीड मिमीच्या खाली नको. नाहीतर ‘बी’ आणि ‘आठ’, ‘एस’ आणि ‘पाच’ यांतला फरक भिंगातूनही लागत नाही, आणि एक अक्षर चुकलं की नोंद होत नाही. कडेवर कोड कोरण्याची टूम दिसायला छान, पण कॅप्सूलमध्ये (नाणं ठेवायच्या पारदर्शक डबीत) घातल्यावर वाचता येत नाही. सर्वात महत्त्वाचं म्हणजे धातू. मुलाम्यानंतर लेझरने कोरलं की त्या रेघेत मुलामा फाटतो आणि आतलं उघडं पडतं. पितळ उघडं पडलं तर काळवंडतं, कोड उलट ठळक होतो. जस्त उघडं पडलं तर दमट डब्यात पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि दोन पावसाळ्यांत अक्षरं खाऊन टाकते. थ्रीडी ठशासाठी जस्त ओतणं स्वस्त पडतं म्हणून कारखाना तेच सुचवतो. तेव्हा कोड ठोकून घ्या किंवा मुलाम्याआधी कोरा असं स्पष्ट लिहा, नाहीतर पितळच मागा.

नमुनाचित्र आलं की एक गोष्ट हमखास राहते: दोन्ही बाजूंची दिशा. नाणं आडवं फिरवल्यावर मागची बाजू सरळ दिसावी की उभं फिरवल्यावर, हे सांगावं लागतं, नाहीतर कॅप्सूलमध्ये काटा उलटा येतो. चित्रावर रुपयाचं चिन्ह, मूल्याचा आकडा किंवा अशोकस्तंभाची राजमुद्रा चुकूनही नको. राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा कायदा आहे आणि चलन म्हणून खपेल अशा धातूच्या चकतीला २०११ चा नाणे कायदा आडवा येतो. बिलावर नुसतं ‘कॉइन’ लिहिलेलं असेल तर कस्टममध्ये खुलासा मागितला जाऊ शकतो. ‘धातूची स्मरणिका, चलन नव्हे’ असं लिहून घ्या. ठसा, मीना, मुलामा, कोड आणि टपाल धरून सव्वा-दीड महिना हाताशी ठेवा. काम नीट सांगितलं तर पाचपैकी साडेचार, देवनागरी त्यांच्यावर सोडली तर दोन.

मेडलच्या दुकानाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तयार साच्यातली जस्ताची चकती, मध्ये स्टिकर, त्यावर इपॉक्सीचा फुगा. दोन-चार दिवसांत मिळतं, दहा नगही करून देतात. कोड मात्र नाही, आणि स्वतःच्या मनाने सहा अक्षरं छापली तर ती मुख्यालयाच्या वहीत जुळणार नाहीत. उन्हाळ्यात स्टिकर कडेने उचलतो. पाचपैकी दीड, तोही वेळेवर देतात म्हणून.

वाळूज, चिकलठाण्याच्या जॉबवर्कवाल्यांकडे खरी गंमत आहे. गाड्यांच्या सुट्या भागांवर नंबर टाकणारं फायबर लेझरचं यंत्र तुमच्या चकतीवर कोड तितक्याच सफाईने टाकतं. ३०४ स्टेनलेसची ४० मिमी व्यासाची, दीड मिमी जाडीची चकती मागा. वजन साधारण १५ ग्रॅम, गंजाची चिंता नाही. चुंबकाला चिकटणारी हवी असेल तर ४३० स्टील सांगा. कडा घासून घ्या, नाहीतर डबा उघडणाऱ्याचं बोट कापेल. खोल कोरीव आणि नुसतं काळं मार्किंग यांतला फरक विचारा: काळं मार्किंग घासलं जातं, कोरीव राहतं. एका नगासाठी यंत्र लावायला ते नाखूश असतात, वीस-पंचवीस चकत्या एकदम न्या, आणि फाईल डीएक्सएफमध्ये. रंग नाही, उठाव नाही, पण नकलेला दुसरं काय हवं? पाचपैकी चार.

नक्कल का, हे नव्याने आलेल्यांसाठी. डब्यात टाकलेलं खरं नाणं पहिल्या-दुसऱ्या हातातच गायब होण्याची शक्यता मोठी, कारण ते चमकतं. म्हणून मूळ नाणं घरी ठेवून त्याच कोडची चकती ‘ही नक्कल आहे, पुढे न्या’ असं कोरून सोडतात. एका कोडची एकच नक्कल फिरवा. दोन ठिकाणी एकच नाणं दिसलं की प्रवासाचे किलोमीटर खोटे होतात. ज्याला नाणंच नको, नुसता प्रवास हवा, त्याला ट्रॅव्हल बग पुरतो. त्यात एकाच कोडच्या दोन पट्ट्या येतात, एक सोडायची, एक आपल्याकडे.

डबा निवडताना आकार बघा. फिल्मच्या डबीचा आतला व्यास तीसेक मिमी, त्यात ३८ मिमीचं नाणं जात नाही. १०० मिली ते एक लिटरचा, म्हणजे ‘स्मॉल’ आकाराचा डबा किंवा त्याहून मोठाच हवा. अर्थकॅशला, म्हणजे भूशास्त्रीय ठिकाण बघायच्या कॅशला, डबाच नसतो, तिथे नाण्याची फक्त भेट नोंदवता येते. मराठवाड्यात डबे विरळ आहेत. वर्षभर कोणी न फिरकलेल्या डब्यात नाणं टाकलं तर ते तिथेच मुरतं. डब्याच्या मागच्या नोंदींच्या तारखा वाचा, मगच टाका. स्वतः नवा डबा ठेवणार असाल तर आधीच्या डब्यापासून १६१ मीटर अंतर, जमिनीत पुरायचा नाही, आणि वेरूळ, अजिंठा, दौलताबादसारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात तर मुळीच नाही.

अदलाबदलीत न नोंदवलेलं नाणं जास्त भाव घेतं, कारण घेणारा ते आपल्या नावावर पहिल्यांदा चढवतो. नोंदवलेलं असेल तर मालकी हस्तांतरित करून द्यावी लागते, ते आधी कबूल करा. फोटो टाकताना कोड झाका. ‘टीबी’ने सुरू होणारा सार्वजनिक क्रमांक दाखवला तरी चालतो, नाण्यावरचा कोड नाही. तो एकदा फुटला की न बघताच ‘पाहिलं’ म्हणून नोंदी पडायला लागतात, आणि त्या एकेक करून काढत बसावं लागतं. परदेशातला मित्र बदल्यात निजामाचं हाली नाणं मागेल, चारमिनार असलेलं. मोह आवरा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

पाठवताना नाणं दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, चारी बाजूंनी टेप मारून, वाजणार नाही असं बसवा. साध्या पाकिटातलं वाजणारं नाणं वाटेत हरवण्याची शक्यता मोठी. देशातलं रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे देशात स्पीड पोस्ट आणि बाहेर ट्रॅक होणारं पॅकेट. घरी ठेवायला मऊ पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका. त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने पितळावर हिरवट चिकटा येतो. पॉलिप्रॉपिलीनची पानं किंवा नाण्याच्या नेमक्या व्यासाच्या कॅप्सूल घ्या, आणि ३८ मिमीचं नाणं ४० च्या कॅप्सूलमध्ये खुळखुळू देऊ नका, उठावदार कडा आतल्या आत झिजते.