‘लॅब कॅलिब्रेटेड’ नॅनोव्हीएनए घेताना सावध राहा (सोलापूर)

हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींना सेकंडहँड नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) ‘लॅब कॅलिब्रेटेड’ (प्रयोगशाळेत अचूक जुळवलेलं) म्हणून विकणारा एकजण सोलापुरात फिरतोय. यंत्राचे ४,२०० आणि कॅलिब्रेशनचे १,८०० असे माझे ६,००० रुपये त्याने यूपीआयवर घेतले. बिल ‘नंतर पाठवतो सर’. हातात दिलं ते लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट.

तो क्षण आठवला की अजून डोकं फिरतं. पार्क चौकाजवळ चहाच्या टेबलावर त्याने माझ्यासमोर कॅलिब्रेशनचे तीन तुकडे, ओपन (उघडं टोक), शॉर्ट (जोडलेलं टोक) आणि लोड (५० ओहमचा म्हणायचा रोध), क्रमाने लावले. मग तोच लोड पुन्हा जोडला. पडद्यावरच्या स्मिथ चार्टवरचा (गोल आलेखावरचा) ठिपका बरोब्बर मध्यभागी, म्हणजे जुळणी अचूक. ‘बघा सर, ५० ओहम, एसडब्ल्यूआर १.०.’ (एसडब्ल्यूआर म्हणजे जुळणी किती बिघडलीय त्याचा आकडा, १ सगळ्यात चांगला.) अहो, याला ५० धर असं ज्या लोडबद्दल यंत्राला आत्ताच सांगितलंय, तो ५०च दिसणार! तिथेच दुसरा लोड लावून बघायला हवा होता. पण दुसरा लोड खिशात घेऊन हिंडतो कोण? आणि माणूस एस११, एस२१ असे मोजमापाचे शब्द सफाईने बोलत होता. हौशी मंडळींत एवढा विश्वास आपण सगळेच टाकतो.

जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या ‘व्ही’ आकाराचा तारेचा अँटेना) आहे. या यंत्रावर ७.१ मेगाहर्ट्झला ३३ ओहम, एसडब्ल्यूआर १.५, काही केल्या खाली येईना. ट्रान्सिव्हरचं (रेडिओ संचाचं) मीटर तेव्हा १.१ दाखवत होतं, पण सर्टिफिकेट असलेल्या यंत्रावर भिस्त ठेवून मी भर उन्हात तार कापत राहिलो. १,१५० रुपयांची तांब्याची तार तोकडी होऊन वाया गेली. शेवटी मल्टिमीटरची एक पिन त्याच्या लोडच्या मधल्या टोकाला, दुसरी बाहेरच्या नटाला लावली. ७५.२ ओहम! ७५ला ५० मानलं की खरे ५० तिथे ३३ दिसतात. हिशेब चोख जुळला.

पैसे देण्याआधी लोडला मल्टिमीटर लावाच.

पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘वस्तू मिळाली ना? चालू होते ना? मग फसवणूक कसली?’ सायबरवाले म्हणाले, समोरासमोर भेटलात, हे ऑनलाइन नाही. वजनमापाच्या कार्यालयात सांगितलं, हे तराजूचं काम नाही. ग्राहक तक्रारीला बिल आणा म्हणतात. अरे, बिल न देणं हाच तर त्याचा डाव! ओहम म्हणजे काय हे प्रत्येक टेबलावर समजावत बसलो, तोवर त्याचा नंबर बंद. यूपीआयमागे बँक खातं असतं, खात्यामागे माणूस. पण शोधायचंच नाही कुणाला.

‘एकदा कॅलिब्रेट केलं की कायमचं’ म्हणणारा खोटारडा समजा. फ्रिक्वेन्सीची रेंज किंवा केबल बदलली की ते आपणच पुन्हा करायचं असतं, त्याला १,८०० कशाचे? खऱ्या प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटवर यंत्राचा सिरियल नंबर असतो, मापनातली अनिश्चितता आकड्यात दिलेली असते. माझ्या कागदावर तारीख, निळा गोल शिक्का आणि ‘ओके’, बस्स. असाच कागद आणखी कुणाला मिळाला असेल तर कळवा. यूपीआय व्यवहाराची पावती माझ्याकडे आहे, चौघे मिळून गेलो तर तक्रार घ्यावीच लागेल.